ओबातांच्या नावावर नोंद नाही

निशिगाकींबद्दल आमच्या कंपनीत अजून दोन मतं आहेत. काहींच्या मते माणूस भोळा होता, काहींच्या मते निव्वळ मूर्ख. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कित्येक वर्षं काढली आहेत आणि मला दोन्ही मतं पटत नाहीत. अशी मतं देणाऱ्या निम्म्या लोकांच्या चुका निशिगाकींनी कधी ना कधी पोटात घातल्या होत्या, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण माणूस गेला की उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

निशिगाकी मेले नाहीत बरं का. कंपनीतून गेले, एवढंच.

जपानातल्या तोयामा शहरातल्या रुग्णालयांची संगणकयंत्रणा सांभाळणारी आमची कंपनी. त्यात देखरेख विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक खोली, तिच्यात आम्ही दोघं आणि खिडकीतून दिसणारा सायकलींचा तळ. आमच्याकडे नकोशा झालेल्या माणसाला कोणी काढत नाही, खिडकीपाशी नेऊन बसवतात. निशिगाकींना तसंच बसवलं होतं. तरुणपणी ते चांगले प्रोग्रामर होते. एका रुग्णालयाच्या बैठकीत, 'आपलं सॉफ्टवेअर मार्चपर्यंत तयार होणार का?' या प्रश्नाला त्यांनी सगळ्यांसमक्ष 'नाही' असं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. पण असं उत्तर साहेबांनी द्यायचं असतं, तेही मार्च उलटून गेल्यावर.

मला मात्र कोणी बसवलं नव्हतं, मी आपणहून मागून घेतली होती ती खोली. मला माणसांपेक्षा यंत्रं बरी वाटतात. यंत्रं हसून बोलत नाहीत.

आमचं काम सांगते. यंत्रावर चालणारा कुठलाही प्रोग्राम स्वतःच्या हाताने काही करू शकत नाही. फाईल उघडायची, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, बाहेरच्या यंत्राशी बोलायचं, काहीही असो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमपुढे हात पसरावा लागतो. त्या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. असे कॉल पापणी लवेपर्यंत हजारो होतात. सगळे लिहून ठेवायचे म्हटलं तर यंत्राला दुसरं कामच उरणार नाही, म्हणून कोणते लिहायचे याचे नियम करून ठेवायचे, आणि लिहिलेल्यांपैकी काळंबेरं कुठलं ते हुडकायचं. या लिहिलेल्याला ऑडिट लॉग म्हणतात, आम्ही नुसतं 'नोंद' म्हणायचो. कोणी अधिकार वाढवून घेतले, दुसऱ्याचा मुखवटा चढवला, तरी आत शिरताना जे नाव सांगितलं ते त्याच्या प्रत्येक कॉलला चिकटून राहतं. त्यामुळे नोंदीपुढे सोंग चालत नाही.

निशिगाकी डोळ्यांत तेल घालून बसायचे. एकदा एका रुग्णालयातल्या छपाईच्या प्रोग्रामने पासवर्डची फाईल उघडली. एकदाच, तीही क्षणभर. दाढी करायला आलेल्या न्हाव्याने तुमची तिजोरी कुठल्या खोलीत असते म्हणून विचारावं, तसं ते झालं. निशिगाकींनी चहा अर्धा टाकून फोन उचलला आणि संध्याकाळच्या आत चोर कुठल्या भोकातून आत आला ते सापडलं. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली नाही. चोर आलाच कसा म्हणून त्यांनाच विचारणा झाली.

असा चोख माणूस, पण एक खोड. समोरचा माणूस आपल्यापुढे वाकला की त्यांना सहन होत नसे. पार्सलवाला वाकून नमस्कार करायचा, तर हे त्याच्याहून खाली वाकायचे. मग तो आणखी खाली. मी म्हणायचे, "निशिगाकी-सान, पुरे करा, फरशी पुसायला बाई आहे आपल्याकडे." ते लाजायचे आणि पुढच्या पार्सलला पुन्हा तेच.

ओबाता आमच्याकडे आले ते असेच वाकत.

ओबाता खालच्या मजल्यावर रुग्णालयांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळत. पस्तिशीचा, सडपातळ, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. ते सॉफ्टवेअर म्हणजे जुनं दुखणं होतं. रोज रात्री दिवसभराचा हिशेब लावताना ते मध्येच अडकायचं, आणि ते सोडवायला येणारे एकटे ओबाता. त्याच वर्षी जादा तासांवर मर्यादा घालणारा नवा कायदा आमच्याकडे फार मनावर घेतला होता. संध्याकाळी घरी जा म्हणणारी धून वाजायची आणि दिवे आपोआप मालवायचे. दारापाशी हजेरीचं कार्ड लावून सगळे बाहेर पडत. काम मात्र होतं तेवढंच होतं. कायदा कामाला कोणी वाचून दाखवला नव्हता.

ओबाता कार्ड लावून बाहेर पडायचे आणि बागकामाचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर मोटार उभी करून मांडीवर लॅपटॉप घ्यायचे. घरी तान्ही मुलगी होती, खोली एकच, बटणांच्या आवाजाने ती उठायची.

अडकलेला प्रोग्राम कुठे अडकलाय ते बघायचं तर त्याच्या चालू पोटात डोकावावं लागतं. डोकावण्याचा एक कॉल आहे. चोरही नेमका तोच वापरतो, कारण दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात पासवर्ड असतात. त्यामुळे आमच्या नियमांत तो कॉल सगळ्यात संशयास्पद. रोज सकाळी आम्ही पडदा उघडला की लाल इशारे उभे: ओबाता, ओबाता, ओबाता. प्रत्येक इशाऱ्यामागे एक अहवाल, त्यावर तीन शिक्के, त्यांतला एक कुरोइवा साहेबांचा. कुरोइवा आमच्याही विभागाचे आणि ओबातांच्याही विभागाचे प्रमुख. अहवालात वेळ आलीच, आणि वेळ कार्ड लावल्यानंतरची. साहेब ओबातांना उभं करून झापायचे. माणूस काम करतो याबद्दल नव्हे हं. ते कागदावर दिसतं याबद्दल.

मग एके दिवशी दुपारच्या डब्यानंतर ओबाता दारात उभे. हातात मिठाईचा खोका, दोन्ही हातांनी पुढे धरलेला, आणि पाठ जमिनीला समांतर.

"माझ्यामुळे तुम्हाला रोज फार त्रास होतो. मनापासून माफी मागतो."

निशिगाकी खुर्चीतून ताडकन उठले. "अहो ओबाता-सान, सरळ व्हा आधी. त्रास कसला? हे आमचं कामच आहे."

"रोज सकाळी माझ्यापायी अहवाल लिहिता."

"आम्हाला नाही हो तुमचा संशय," मी म्हटलं, "यंत्राला येतो. आम्हाला तुमची कीव येते."

ओबाता हसले. हसल्यावर ते एकदम शाळकरी दिसायचे. "यंत्राला सांगा ना, हा चोर नाही, गाढव आहे."

"काल झोपलात का?"

"झोपलो की."

"किती, ते विचारतेय."

"हानावा-सान, तुम्ही माझ्या बायकोसारखं बोलता."

"मग तिचं तरी ऐका," मी म्हटलं. ते पुन्हा वाकले आणि गेले. खोक्यात लाल घेवड्याच्या सारणाच्या वड्या होत्या. निशिगाकींना साखरेचं दुखणं, त्यामुळे सगळ्या मी खाल्ल्या.

दोन आठवड्यांनी ओबाता पुन्हा आले, पुन्हा खोका. त्यानंतर पुन्हा. आमच्याकडे ही रीतच आहे, त्रास दिला की गोड घेऊन जायचं आणि वाकायचं. तिसऱ्या वेळी ते वाकले ते सरळ होताना भिंतीला धरून उभे राहिले. निशिगाकींनी ते पाहिलं. ओबाता गेल्यावर त्यांनी खोका उघडलाही नाही. पडद्याकडे वळून नियमांची फाईल काढली.

"काय करताय?" मी विचारलं.

"त्यांचं नाव वगळतो. ओबातांच्या नावाने आलेले कॉल नोंदवायचे नाहीत."

"नुसता इशारा बंद करा. नोंद राहू द्या."

"नोंद राहिली की दर शुक्रवारी वर जाणाऱ्या आकड्यांत नाव येणार. साहेब आकडे बघतात, इशारे नाही. परत त्याला उभं करणार, परत तो इथे येऊन वाकणार."

"मग वाकू दे की. कंबर मोडत नाही त्याने."

"माझी मोडते," निशिगाकी म्हणाले.

"आणि उद्या त्याच्या नावाने खराच चोर शिरला तर?"

"तर माझी मान."

हे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो चालतो, म्हणून सवलत द्यायची तर ती सगळ्यांच्या वर लिहावी लागते. ओबातांचं नाव फाईलच्या माथ्यावर गेलं. तो जून महिना होता. आम्ही दोघांनी त्या दिवशी चोराचाच विचार केला. वर्षानुवर्षं चोरांचा विचार केला की दुसरं काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा हिरवागार. ओबाता जिन्यात भेटले की नुसता हात वर करायचे. निशिगाकी खूश होते. "बघा, आता बरा दिसतो," ते मला म्हणायचे. मला काही तो बरा दिसत नव्हता. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती ढिली झाली होती. पण निशिगाकींना त्या कॉलरपेक्षा तो हिरवा पडदा जास्त दिसत होता, आणि एखाद्याला क्वचितच मिळणारं समाधान हिसकावून घ्यायला माझीही जीभ वळेना.

फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. बागकामाच्या दुकानाचा माणूस सकाळी फावडं घेऊन वाहनतळ मोकळा करायला आला, तर कोपऱ्यात बर्फाखाली एक मोटार. इंधन संपून इंजिन बंद पडलेलं. आत ओबाता, मांडीवर लॅपटॉप, चष्मा जागच्या जागी. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी वेळ सांगितली ती मध्यरात्र ते पहाट. थंडीमुळे याहून नेमकं सांगता येत नाही म्हणाले.

अंत्यविधीला कुरोइवा साहेब रडले. खरे रडले, मी जवळून पाहिलं. आणि त्याच आठवड्यात पोलिसांकडून परत आलेला लॅपटॉप नियमाप्रमाणे कोरा करून कामावर नव्याने आलेल्या मुलीला दिला गेला, तेही त्यांच्याच सहीने. माणूस रडतो म्हणून त्याचा हात थांबतो असं नाही.

ओबातांची बायको चिहारू मार्चमध्ये कंपनीत आली. मुलगी पाठीशी बांधलेली. खालच्या काचेच्या खोलीत साहेब बसले होते, आणि तिने यंत्राच्या नोंदीबद्दल विचारलं म्हणून आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तिला काय हवं होतं ते तिने आधीच सांगून टाकलं.

"मला भांडायचं नाहीये. तो कामावर असताना गेला, एवढं श्रम कार्यालयाने लिहून द्यायला हवं. माझे सासरे म्हणतात, घरी सुख असतं तर माझा मुलगा बर्फात मोटारीत कशाला बसला असता. बारशाला आलेली माणसंसुद्धा आता माझ्याकडे तसंच बघतात. मला माहितीये तो काम करत होता. पण मी म्हणून काय उपयोग?"

साहेबांनी हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले. "ताई, आमच्याकडे कार्डाची नोंद आहे. ते रोज वेळेवर निघत होते. बाहेरून आमच्या यंत्रांशी जोडणी चालू असायची, त्या रात्रीही सकाळपर्यंत होती. पण जोडणी उघडी ठेवून माणूस डुलकीही काढतो."

"तो म्हणायचा, वरच्या मजल्यावर सगळं लिहिलं जातं. कोणी काय केलं ते यंत्र लिहितं."

"लिहितंच. आम्ही तपासून घेतलं ना. जूनच्या आधी त्यांच्या नावावर बऱ्याच नोंदी आहेत. तेव्हा मीच त्यांना समज दिली, घरी जा म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं. जूननंतर ओबातांच्या नावावर एकही नोंद नाही." साहेब निशिगाकींकडे वळले. "बरोबर ना?"

निशिगाकींचा चेहरा पांढरा पडला. साहेबांना नियमाचं काहीच माहीत नव्हतं. ते आपल्या परीने खरंच बोलत होते.

"नोंद नाही," निशिगाकी म्हणाले. "हे खरं आहे."

चिहारूने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तपासून बघितलंत, आभारी आहे," आणि मुलीला सावरत उठली. ती बाहेरच्या दारापर्यंत पोचली तोवर निशिगाकी तिथेच उभे होते. मला त्यांचा असा राग आला की मी त्यांच्याशी न बोलता जिना चढले. खरं होतं तेवढंच बोलले, आणि त्या खऱ्याने त्या बाईचा गळा कापला. त्यांची एक सवलत कंपनीच्या हातातला पुरावा झाली होती. सगळं लिहिणारं यंत्र म्हणत होतं, ओबातांनी काही केलंच नाही.

तासाभराने ते वर आले. बसले नाहीत. "मी साहेबांना सांगून आलो," म्हणाले.

"काय सांगितलंत?"

"सगळं. नियमाचं."

"मग?"

"म्हणाले, हे मला ऐकू आलं नाही. आणि ती ओळ आजच्या आज काढून टाका."

"काढणार?"

"काढली तरी काढल्याची नोंद होते. नियमांना हात लावला की तेही लिहिलं जातं, माझ्या नावाने. जूनमधलंही आहे. ते नाही मी वगळलेलं." मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "हानावा-सान, मी तिच्यासमोर खोटं बोललो नाही. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं."

"उद्या अर्धी रजा टाका," मी म्हटलं. "मीही टाकते."

श्रम कार्यालयातला अधिकारी वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. थकलेला, सरळ, ऐकून घेणारा. त्याने आमच्यापुढे स्वतः चहा आणून ठेवला आणि निशिगाकींना सगळं पहिल्यापासून सांगू दिलं. मृत्यूच्या आधीच्या सहा महिन्यांत माणूस किती राबला हे तो बघणार होता. सहा महिने मागे गेलं तरी ऑगस्टच लागतो. आमचा नियम जूनचा.

"म्हणजे तुम्ही नोंद बंद केलीत, याची नोंद आहे," तो म्हणाला.

"आहे. छापून आणलीय."

"बंद केल्यानंतर ओबातांनी काय काय केलं, याची?"

"नाही."

"दुसरीकडे कुठे?"

"रुग्णालयाचा अडकलेला प्रोग्राम रोज सुटायचा. सकाळी बिलं निघायची."

"कोणी सोडवला हे लिहिलंय?"

"नाही. तेच मी बंद केलं."

"त्यांच्या विभागातलं कोणी सांगेल?"

यावर मीच बोलले. "तेही सगळे कार्ड लावून बाहेर काम करतात. ओबाता काम करत होते म्हणायचं तर आपणही करतो हे म्हणावं लागेल. त्यांना घरं आहेत, कर्जं आहेत. कोणी यायचं नाही."

अधिकारी निशिगाकींकडे वळला. "ते काम करत होते, हे तुम्हाला कसं माहीत?"

"करत नसते तर मला बंद करावं लागलं नसतं."

"हे तुमचं मत झालं, निशिगाकी-सान. ते मी लिहून घेतो. पण तुमच्या कंपनीचं म्हणणं वेगळं आहे. समज दिली, माणूस सुधारला, नोंदी थांबल्या. तुमचं म्हणणं, नोंदी तुम्ही थांबवल्या. दोन्हींत जागा रिकामीच राहते. रिकाम्या जागेत किती तास भरायचे ते मी कशावरून ठरवू?"

निशिगाकींनी छापून आणलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. परतताना बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा घेतली. रस्त्यावर बर्फ वितळवायला जमिनीतलं लोहाचं पाणी सोडतात, त्याने डांबर तांबडं झालं होतं, ते बघत बसले.

त्यानंतर त्यांना कोणी काढलं नाही. आमच्याकडे काढत नाहीत म्हणाले ना मी. एप्रिलमध्ये त्यांची खुर्ची गोदामाशेजारच्या खोलीत नेली, टेबलावर संगणक ठेवला नाही. सकाळी येऊन बसायचं, संध्याकाळी धून वाजली की जायचं. ज्यांच्या चुका त्यांनी झाकल्या ते जेवायला जाताना त्या दारावरून न बघता जायचे. एक-दोघं तर म्हणाले, बाहेर जाऊन कंपनीचं नाव खराब केलं, आता भोगा. मी त्यांच्यातल्या एकाला कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं की तुझ्या तोंडातला घास खाली उतरतो कसा. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि ते बरंच झालं. उन्हाळ्यात निशिगाकींनी 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला. सध्या ते किनाऱ्याजवळच्या माशांच्या वड्यांच्या कारखान्यात आहेत, पट्ट्यावरून सरकणाऱ्या वड्यांतल्या चिरा गेलेल्या उचलून बाजूला काढतात. रबरी बुटांनी पायाला फोड येतात म्हणतात. पोटापुरतं मिळतं.

शरद ऋतूत श्रम कार्यालयाचा निर्णय आला. ओबातांचा मृत्यू कामामुळे झाला असं म्हणता येत नाही. निर्णय ऐकायला सासरे सुनेबरोबर गेले होते. बाहेर पडून ते स्टेशनाकडे चालू लागले. सून मागून येतेय की नाही, एकदाही वळून पाहिलं नाही. हे तिने स्वतः आम्हाला सांगितलं, कारण त्या रविवारी निशिगाकी तिच्या घरी गेले आणि एकट्याने जायचं धैर्य नाही म्हणून मला बरोबर नेलं.

एकच खोली, घडी घातलेल्या गाद्या, कोपऱ्यात ओबातांचा फोटो. मुलगी आता दुडुदुडु चालायला लागली होती. निशिगाकी दारातच गुडघ्यांवर बसले आणि कपाळ चटईला टेकवून सगळं सांगायला लागले. जूनचा नियम, काचेच्या खोलीतलं ते 'नोंद नाही'. चिहारूने त्यांना मध्येच थांबवलं.

"मला माहितीये. अधिकाऱ्याने सांगितलं होतं. आत येऊन बसा."

तिने चहा केला. आम्ही तो प्यायलो. मी मनाशी तयारी केली होती की ती ओरडेल, रडेल, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. कोणीतरी ओरडायलाच पाहिजे होतं. पण ती मुलीच्या हातातलं झाकण काढून घेत शांतपणे म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्या नोंदीत, माणसाने शेवटचं काही केलं ते कळतं का? म्हणजे कधी केलं ते?"

"कळतं," निशिगाकी म्हणाले. "क्षणापर्यंत."

"त्या रात्री मला जाग आली होती. हा आला नव्हता. मी उठले, कोट चढवला, हिला पाठीला बांधायलाही घेतलं. चालत पाच-सात मिनिटांवर तर आहे ते दुकान. मग वाटलं, काम चाललं असेल, मध्ये गेलं की चिडतो, आणि हिला थंडी बाधेल. कोट काढला आणि परत झोपले." तिने झाकण बाजूला ठेवलं. "डॉक्टर म्हणतात मध्यरात्र ते पहाट. मला जाग आली ती बरोबर त्याच्या मध्ये. नोंद असती तर मला कळलं असतं ना, तेव्हा तो होता की नव्हता?"

निशिगाकींनी पेला खाली ठेवला.

"कळलं असतं," ते म्हणाले.

"मग आता मला दोन्ही धरून राहायला लागणार, होता आणि नव्हता," चिहारू म्हणाली, आणि मुलगी रडायला लागली म्हणून तिला घ्यायला उठली.